ठिपका, पदर आणि बेलटोल्याचा जवाई

जावयानं सासुरवाडीला जेवावं, झोपावं आणि कुणी काही विचारलं तर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणावं. याच्यापलीकडे त्यानं हातपाय हलवू नयेत. हे मी ऐकलेलं नाही, भोगलेलं आहे. मी हातपायसुद्धा हलवले नव्हते, फक्त एक बोट हलवलं होतं, तेही लॅपटॉपवर. त्या एका बोटापायी ऐन थंडीच्या पहाटे, दुसऱ्याची पॅन्ट सुतळीनं कमरेला बांधून, पंचक्रोशीसमोर उभं राहायची वेळ आली. पण क्रमानं सांगतो. क्रमानं सांगण्याचाच मला पगार मिळतो.

मी पंचायत समितीत सांख्यिकीचा विस्तार अधिकारी आहे. म्हणजे काय, हे माझ्या आईलाही अजून नीट कळलेलं नाही. ती शेजारणींना "शेळ्या मोजते माहा पोरगा" एवढंच सांगते. गेल्या पावसाळ्यात आम्हाला चंद्रपूरला प्रशिक्षणाला बोलावलं. एरवी प्रशिक्षण म्हणजे पोहे, चहा आणि सही. पण या वेळी शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर एक गंमत दाखवली. डाव्या हाताला तक्ता, उजव्या हाताला आलेख, आणि दोघांची गाठ मारलेली. तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं की तिकडे आलेखात तिचा ठिपका फुगून लाल व्हायचा. ठिपक्यावर बोट ठेवलं की इकडे त्याची ओळ उजळायची. फिल्टर लावून एखादं गाव बाजूला काढलं की उरलेले ठिपके आपापली जागा सावरून बसायचे. "माहिती नुसती भरू नका, तिला हलवून बघा," असं बाई म्हणाल्या. खरं सांगतो, मला भरून आलं. बारा गावच्या शेळ्या मी इतकी वर्षं नुसत्या भरत होतो.

ऑफिसात येऊन तालुक्यातल्या विहिरींचा तसा तक्ता केला आणि साहेबांना दाखवला. साहेबांनी पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. तीन प्रतींत प्रिंट काढून आणा." मी काढून आणली. साहेबांनी कागदावरच्या ओळीवर पेन दाबलं, पुन्हा दाबलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे हलत काऊन नाई जी?"

त्या दिवसापासून मी त्या विद्येला गिऱ्हाईक शोधत होतो. ते मिळालं थेट बेलटोल्यात, म्हणजे माझ्या सासुरवाडीत.

आमच्या झाडीत, म्हणजे चंद्रपूरकडच्या जंगलपट्टीत, दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते; भाजीची नव्हे, जत्रेची. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक आलंच. जेवणं आटोपून लोक चटया-चादरी घेऊन मंडपात बसतात, ते पहाटे भैरवी झाली की उठतात. निदान उठायला हवेत अशी रीत आहे. बेलटोल्याचं नाट्य मंडळ माझे सासरे सोमाजीभाऊ चालवतात. मी त्यांना मामाजी म्हणतो. मामाजींच्या घरी पुढच्या खोलीत मंडळाचं लोखंडी कपाट आहे. त्यात जुने मुकुट, लाकडी तलवारी, पेटी आणि एक वाघाचं कातडं आहे. ते कातडं कापडाचं आहे हे सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर वनखातं यायचं. पूर्वी गावातलेच लोक नाटक करायचे, आता वडशाकडची नाटक कंपनी बोलावतात, पण कपाटाची पूजा मामाजी दर दसऱ्याला करतात.

अडचण अशी की गेली काही वर्षं मध्यंतर झालं की लोक घरी जात होते. गेल्या मंडईला भैरवीच्या वेळी मंडपात कंपनीचे नट, दोन कुत्री आणि मामाजी एवढेच उरले होते. त्यामुळे यंदा भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, पारावर भरलेल्या गावसभेत, पियुष उभा राहिला. पियुष म्हणजे माझ्या बायकोचा चुलतभाऊ, गावच्या पोरांचा पुढारी.

"काका, राग मानू नका," तो मामाजींना म्हणाला, "पण नाटक कोनी पाहून नाई राह्यलं. पुढल्या मंडईपासून डीजे ठेवू. पब्लिक नाचन तरी."

गावात दोन तट पडले. शेवटी तोडगा निघाला तो असा: यंदाचं नाटक होऊ द्यायचं. भैरवीला मंडप अर्ध्याहून जास्त भरलेला दिसला तर नाटक कायम. नाही दिसला तर पुढच्या सालापासून डीजे, आणि मंडळाचं कपाट शाळेला देऊन टाकायचं, चार्ट ठेवायला.

मामाजी घरी आले आणि ताटावर बसून उठले. वडाभात तसाच. मामाजींनी वडाभात सोडला हे माझ्या लग्नाच्या आयुष्यात मी प्रथमच पाहत होतो. पायलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलं. "काय जी, तुमच्या त्या ठिपक्यायचा काई उपयोग होते का? का नुसत्या शेळ्याच?"

आता सांगा, यावर कोणता अधिकारी गप्प बसेल?

मी जाहीर केलं की यंदा नाटक भांडून ठरणार नाही, माहितीवरून ठरेल. आसपासच्या गावांत मागे कोणकोणती नाटकं झाली, त्यात काय काय होतं आणि भैरवीपर्यंत किती लोक टिकले, याचा तक्ता करू; जे नाटक सगळ्यात जास्त टिकलं तेच ठेवू. मामाजी म्हणाले, "तुमी म्हनता तसं." हे वाक्य खरं तर माझं होतं.

माहिती कुठून आणायची? गावात सगळ्यांनी एकच पत्ता दिला, गोकुळाबाईंचा. गोकुळाबाई शेजारीच राहतात, नात्यानं पायलच्या मावशी. झाडीतलं एकही नाटक त्यांनी सोडलेलं नाही. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो. पहिला रकाना होता रडण्याचे प्रसंग. मी विचारलं, "'मेलेली माय परत आली' या नाटकात किती वेळा रडू आलं?"

"असं मोजून कोनी रडते काय जी?" त्या म्हणाल्या. "पदर भिजला का नाई थे पाहाचं असते. थ्या नाटकाले पुरा पदर भिजला."

"आणि 'सवतीचा पाळणा'?"

"अर्धा. दुसऱ्या अंकात जरा वाळला."

"'आईची चप्पल'?"

"त्याले माहा भिजला, वरून शेजारनीचाही घेतला."

अशा रीतीनं आमच्या तक्त्यात रडू हे पदरात मोजलं गेलं: पाव पदर, अर्धा पदर, पूर्ण पदर, शेजारणीसह. राज्याच्या सांख्यिकी विभागात हे परिमाण नाही, पण असायला हरकत नाही. भैरवीच्या गर्दीसाठीही मी रिकामा, पाव, अर्धा, पाऊण आणि गच्च अशा पायऱ्या केल्या. नाच किती, विनोदी नट कसा, खलनायकाला शिव्या किती पडल्या, सगळं भरलं. हळूहळू ओट्यावर गर्दी जमू लागली. ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं ते सगळ्यात जास्त सांगत होते.

मग एका रविवारी मारुतीच्या देवळात चादर बांधून, शाळेचा प्रोजेक्टर मागून आणून मी तक्ता दाखवला. आडवा पदर, उभी गर्दी. ओळीवर बोट ठेवलं, ठिपका लाल झाला, आणि सगळं देऊळ "आहा!" करून उठलं. माझ्या नोकरीत मला असा "आहा" मिळालेला नाही. पुढचा तासभर लोक नुसतं "माहं नाटक लाल करा जी" म्हणत होते. एक आजोबा माझ्या कानाला लागून म्हणाले, "माह्या पसंतीचा ठिपका लय खाली हाय. जरासा वर सरकवा ना, कोनाले सांगत नाई." मी त्यांना शास्त्राची निष्पक्षता समजावून सांगितली. ते रागावून गेले ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

सगळ्यात वर, उजव्या कोपऱ्यात, एकटाच एक ठिपका होता. बोट ठेवलं. 'बहिणीच्या दारी उपाशी भाऊ'. गाव चिचगाव. पदर शेजारणीसह, मंडप गच्च. मामाजींच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांनी रंग आला. त्याच संध्याकाळी कंपनीचे मॅनेजर पत्रूभाऊ यांना फोन लावून नाटक पक्कं केलं. जेवताना सासूबाईंनी मला न विचारता तिसरा वडा वाढला. मी "राहू द्या" म्हटलं नाही.

मग परवानगी. पोलीस ठाण्याच्या अर्जात "अपेक्षित गर्दी" असा एक रकाना असतो. शेजारच्या गावांची मंडळं तिथं वर्षानुवर्षं "मध्यम" एवढंच लिहितात आणि मोकळी होतात. मी "गच्च" लिहिलं आणि सोबत आलेख जोडला. अर्ज घेणाऱ्या हवालदारांनी आलेख उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. "पुराव्यानिशी गर्दी सांगनारे तुमीच पहिले," ते म्हणाले, आणि पुराव्यानिशीच्या गर्दीला लागू होणाऱ्या सगळ्या अटी लावल्या: दोन वेगळी फाटकं, वाळूच्या बादल्या, आणि रात्रभर जागे राहणारे शिट्टीवाले स्वयंसेवक. हात दाखवून अवलक्षण ते हेच. गावात रात्रभर जागू शकणारी धट्टीकट्टी पोरं एकाच गटाची होती, पियुषच्या. मला त्यालाच जाऊन विनवावं लागलं. "जवाई म्हनून करतो," तो म्हणाला, "पन रिकाम्या मंडपात शिट्टी कोनासाठी वाजवाची थे सांगून ठेवा."

इथवर ठीक होतं. पुढची चूक मात्र माझी, आणि ती फिल्टरची. पियुषला फक्त बेलटोल्याची नाटकं पाहायची होती, म्हणून मी चिचगाव वगैरे बाजूची गावं फिल्टरनं काढली, त्या तक्त्याचा फोटो घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. वर मथळा तसाच राहिला: "आपल्या भागातील सर्व नाटके". फोटो फिरत फिरत चिचगावला पोचला. मंडईपर्यंत माझा मुक्काम सासुरवाडीलाच होता, ऑफिसला तिथूनच जात होतो. दुसऱ्या सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तर चिचगावचे पाच-सहा जण फाटकातून आत आले. पुढे कोलूभाऊ, तिथल्या मंडळाचे अध्यक्ष.

"जवाई, आमच्या गावावर राग काऊन हाय तुमचा?"

तोंडात फेस असल्यामुळे मी नुसती मान हलवली.

"मंग आमचं गाव कुठी गेलं? नकाशात हाय, मतदार यादीत हाय, तुमच्याच तक्त्यातून काऊन पुसलं?"

मी चूळ भरून लॅपटॉप आणला. सासूबाईंनी चहा टाकला. पियुष तमाशा पाहायला येऊन बसला. मी फिल्टर काढला आणि चिचगावचे ठिपके पटपट उगवले. "आलं, आलं बाप्पा गाव!" मंडळींचे चेहरे निवळले. आता त्यांना आणखी खूश करावं म्हणून मी सगळ्यात वरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि हे पाहा, पहिला नंबर तुमचाच. 'बहिणीच्या दारी उपाशी भाऊ'. भैरवीपर्यंत मंडप गच्च!"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण हसला, मग दुसरा, आणि कोलूभाऊंच्या बशीतला चहा सांडला.

"अजी जवाई, थ्या रात्री घराकडच्या वाटेवर, पांदणीत, वाघ बसून होता! मध्यंतरालेच बोंब झाली. कोन जाईन घरी? नाटकातला भाऊ उपाशी अन् मंडपात आमीही उपाशी. सकाळी वनखात्याची गाडी आली तवा घरी गेलो."

"पण पदर?" मी क्षीण आवाजात विचारलं. "बायका तर खूप रडल्या म्हणे."

"भेवानं रडत होत्या जी!"

अंगणात हसू आवरेना. पियुष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मंग आता वाघच बुक करा, जवाई. त्याची कंपनी कोनती हाय, पत्रूभाऊले इचारू का?"

नाटक बदलायची सोय नव्हती. पत्रूभाऊंनी फोनवर सांगितलं की सीझनमध्ये दिलेलं नाटक बदलत नसतं, नट मंडळी कपडे त्याच नाटकाचे घेऊन निघालेली असतात. मला वाटलं आता मामाजी चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ द्या जवाई. तुमी मेहनत केली." आणि आत जाऊन कपाट उघडून एकेक मुकुट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळू लागले, शाळेत न्यायला सोपं जावं म्हणून. माणसानं आपल्या ठिपक्यावर विश्वास ठेवला होता आणि ठिपक्यामागे वाघ निघाला.

पण मीही शेळ्या मोजून वाढलेला माणूस आहे, असा सुटणार नव्हतो. तक्त्यात नवा रकाना घातला: वाघ, होता की नव्हता. त्यासाठी वनखात्याच्या कचेरीत गेलो. तिथले बाबू म्हणाले, "वाघाची माहिती गोपनीय असते. लेखी अर्ज करा, कारण लिहा." मी कारण लिहिलं: नाटकाच्या निवडीसाठी. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि समोरच्या टपरीवर नेऊन, चहा पाजून, कोणत्या मंडईला कोणता वाघ कुठल्या नाल्यात होता ते सगळं तोंडी सांगितलं. वर कोणत्या नाटकात विनोदी नट कच्चा होता हेही सांगितलं. गोपनीय फक्त कागद असतो.

वाघाच्या रात्री फिल्टरनं बाजूला काढल्या. आलेखाचा डौलच गेला. पदर जास्त म्हणून गर्दी जास्त, असं काही उरलंच नाही. पूर्ण पदराची नाटकं मध्यंतराला रिकामी, आणि पाव पदराची काही भैरवीपर्यंत गच्च. मी लॅपटॉप उचलून परत गोकुळाबाईंच्या ओट्यावर गेलो. पायलही सूप घेऊन तिथंच तांदूळ पाखडत बसली होती. वर उरलेल्या एकेका ठिपक्यावर बोट ठेवत मी विचारू लागलो.

"गोकुळाबाई, हे आठवते? यात विशेष काय होतं?"

"यात आमचा भाचा मेला."

"अरेरे! कधी?"

"शेवटच्या अंकात. भल्ला मस्त मेला."

मी दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आणि हे?"

"यात पोलीस पाटील सवत बनले होते. लुगडं नेसून आले त हासून हासून पोट दुखलं."

"सवत कधी येते?"

"शेवटालेच."

"हे?"

"यात पोस्टमन यमराज."

माझ्या अंगावर काटा आला. मी आणखी एक रकाना घातला: नाटकात गावचा माणूस, हो किंवा नाही. गोकुळाबाई सांगत गेल्या, मी भरत गेलो, आणि बटण दाबलं. "हो"चे ठिपके सगळे वर, "नाही"चे सगळे खाली! मधे एकच ठिपका घोटाळला होता; त्यात गावचा माणूस होता आणि तरी मंडप रिकामा. बोट ठेवलं. गोकुळाबाई म्हणाल्या, "त्याचं काम पयल्याच अंकात संपलं ना. मंग त्याची माय, बाई, सोयरे, सारे चटया गुंडाळून घरी."

मी रकान्याच्या नावात "शेवटच्या अंकात" एवढं जोडलं आणि एवढ्यांदा ओरडलो की पायलच्या सुपातले तांदूळ सांडले. नाटक कोणतं हा प्रश्नच नव्हता! रडू, नाच, विनोद, सगळं झूट. लोक आपला माणूस पाहायला बसतात. शेवटच्या अंकात आपल्यातलं कुणीतरी रंग लावून येणार असेल, तर मंडप हलत नाही.

"पन आता कोनाले उभं करता?" गोकुळाबाईंनी विचारलं. "आमचे सारे पाहून झाले. पाटलाले लुगड्यात पाह्यलं, आता काय पाहाचं राह्यलं?"

पायल तांदूळ वेचता वेचता म्हणाली, "जवाई."

"कोणता जावई?" मी विचारलं. मला खरोखरच कळलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. एका घरचा जावई म्हणजे गावाचा जावई, आणि जो गावाचा जावई त्याची टिंगल करायचा हक्क गावातल्या प्रत्येक साळ्याला आणि साळीला. असा माणूस तोंडाला रंग लावून उभा राहणार! फक्त मामाजी अडून बसले. "जवायाले नाटकात उभं करू? लोक थुंकतीन माह्यावर. पाय धुवून जेवाले वाढतो आपन त्यायले." त्यांचे डोळे भरले होते. मी त्या गुंडाळलेल्या मुकुटांकडे पाहिलं आणि म्हटलं, "मामाजी, मी गच्च लिहून दिलं आहे ठाण्यात. आता माघार घेता येत नाही."

पत्रूभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "शेवटच्या अंकात इन्स्पेक्टर हाय. एकच वाक्य. 'हाच तो नराधम! घाला बेड्या!' पन असं म्हना का मागच्या चटईवरचं लेकरू उठलं पाहिजे."

पुढचे दिवस मी ते वाक्य म्हणत फिरलो. गाडीवर म्हटलं, विहिरीवर म्हटलं, ऑफिसात एकदा साहेबांसमोर तोंडातून निघालं. सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणे, इन्स्पेक्टर डावा पाय आधी टाकतो. कुणी म्हणे, मिशी पाहिजे. पियुषची पोरं मला पाहिलं की लांबूनच हात वर करून ओरडायची, "साहेब, बेड्या नका घालू!" ऑटोला भोंगा बांधून त्यांनीच गावोगाव पुकारा केला: "शेवटच्या अंकात, खास आकर्षण, बेलटोल्याचे जवाई!" माझी प्रतिष्ठा त्या ऑटोत बसून दहा-बारा गावं फिरून आली.

मंडईची रात्र मी रंगपटात काढली. गणवेश कुठल्या तरी धिप्पाड नटाचा होता. पॅन्ट सुतळीनं बांधली. दर थोड्या वेळानं कुणीतरी कनात वर करून डोकावायचं, "हाय का जवाई?" म्हणायचं आणि खात्री करून परत जाऊन बसायचं. मध्यंतर झालं. मी कनातीच्या फटीतून पाहिलं. लोक उठले, चहा प्यायले, आणि परत येऊन बसले. चिचगावचेही आले होते, कोलूभाऊ सहकुटुंब. पांदणीत वाघ नाही याची मी वनखात्याच्या बाबूंकडून खात्री करून घेतली होती. ते स्वतःच पहिल्या रांगेत होते.

पहाट झाली आणि माझा प्रवेश आला. डावा पाय आधी टाकला. समोर पाहिलं तर मंडप गच्च! फाटकापाशीसुद्धा माणसं उभी. एवढी माणसं मी आयुष्यात फक्त आकड्यांत पाहिली होती. वाक्य डोक्यातून साफ उडालं. मी बोट उगारलं. "हाच तो..."

पुढं काही आठवेना. शिवाय बोट उगारलं होतं ते खलनायकाकडे नव्हे, उपाशी भावाकडे. भाऊ जातीचा नट होता. हात जोडून म्हणाला, "साहेब, मी कालपासून उपाशी हाय. थो पाहा नराधम, तिकडं, जेवून उभा हाय."

मंडप फुटला. मी वळलो, त्या गिरकीत सुतळी सैल झाली. एका हातानं पॅन्ट धरली, दुसऱ्यानं बोट. "हाच तो... हाच तो..." आणि मग काय सांगू! गेले कित्येक दिवस माझं वाक्य गावाच्या कानावर पडतच होतं. म्हाताऱ्या, पोरं, साळ्या, चिचगाव, वनखातं, सगळा मंडप एका आवाजात ओरडला, "नराधम! घाला बेड्या!" मागच्या चटईवरचंच काय, गावातलं प्रत्येक लेकरू उठलं. पियुष इतक्या जोरानं शिट्टी फुंकत होता की त्याचा चेहरा लाल झाला होता. बेड्या एका हातानं घालता येत नव्हत्या, तेव्हा नराधमानंच त्या आपल्या हातानं घालून घेतल्या.

भैरवी सुरू झाली तरी कुणी उठलं नाही. पियुष या फाटकापासून त्या फाटकापर्यंत रिकामी जागा शोधत गेला आणि परत आला. मामाजींच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला, "काका, हारलो. नाटकच ठेवू." मग मान खाली घालून, "पुढल्या साली मले एखादं काम द्या. शेवटच्या अंकातलं." मामाजींनी त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ते मनसोक्त रडले.

सकाळी मी तोंडावरचा रंग तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. आदल्या रात्रीची ओळ भरायची होती, आणि ती ताजी असतानाच भरावी. नाटक भरलं, गाव भरलं. वाघ: नव्हता. गर्दी: गच्च. गोकुळाबाईंना पदर विचारला. "शेजारनीसह," त्या म्हणाल्या, "पन हासून भिजला. लिवा कसं लिवता थे." मी लिहिलं. शेवटचा रकाना आला: शेवटच्या अंकात गावचा माणूस, हो की नाही? माझं बोट थांबलं. शास्त्र म्हणजे शास्त्र. जावई हा पाहुणा. गावचा माणूस कसा लिहिणार?

मामाजी मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. त्यांनी एवढ्या दिवसांत त्या यंत्राला हात लावला नव्हता. ते वाकले, आपलं बोट पडद्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हो टाका जी. गावचा मानूस."

मी टाकलं. ठिपका उडाला आणि चिचगावच्या वाघाशेजारी जाऊन बसला, लालभडक. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत राहिलो. पायलनं पदर डोळ्याला लावला. किती भिजला ते मी विचारलं नाही.

सासूबाईंनी चहा आणला. मी सवयीनं हात पुढे केला, तर कप मामाजींनी घेतला.

"गावचा मानूस झाले ना?" ते म्हणाले. "मंग चाला उठा. मंडपाच्या बल्ल्या उपडाच्या हायेत, पोरं वाट पाहून राह्यले. चहा मंग."